आकाशवाणीची जाहिरात माणसांनी केली

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जागतिक रेडिओ दिनाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत शहरातील एफएम वाहिन्यांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी आस्थेने वाचला. तरुण निवेदक किती मेहनत घेतात, चौकाचौकांत गाडी उभी करून लोकांना कसे बोलते करतात, याचे वर्णन लेखकाने मनापासून केले आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र त्याच लेखात ओघाओघात एक विधान आले आहे. श्रोत्यांच्या दारी जाऊन केंद्राचे नाव रुजवण्याची रीत खासगी वाहिन्यांनी आणली, आकाशवाणी सरकारी असल्यामुळे तिला आपली ओळख करून देण्याची कधी गरजच भासली नाही, असा त्या विधानाचा आशय आहे. माझी नोकरीची सारी वर्षे आकाशवाणीत, आणि त्यातला मोठा काळ सोलापूर केंद्रावर उद्घोषक म्हणून गेला. ज्या सहकाऱ्यांनी उन्हातान्हात जिल्हाभर फिरून एकेक श्रोता जोडला, त्यांतले बरेच जण आज हयात नाहीत. त्यांच्या वतीने हे विधान दुरुस्त करणे मला माझे कर्तव्य वाटते. पत्र थोडे लांबले तरी आपण ते छापावे, ही विनंती.

श्रोता मिळवण्याची चिंता रेडिओला जन्मापासूनच आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत प्रसारण सुरू करणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगीच होती आणि तिची भिस्त मुख्यतः रेडिओ संच ठेवण्यासाठी श्रोत्यांना भराव्या लागणाऱ्या परवाना शुल्कावर होती. पुरेसे परवाने निघाले नाहीत आणि तीन वर्षे पुरी होण्याआधीच, १९३० मध्ये, कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. मग सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले. पुढे १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला, त्यात सुमारे दीडशे गावांतले शेतकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. असे २० कार्यक्रम झाले. लोकांपर्यंत जाणे म्हणजे काय, याचा तो वस्तुपाठ होता आणि आमच्या पिढीतल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना तो प्रशिक्षणातच शिकवला जाई. त्याच्या आदल्या वर्षी पुणे केंद्रावरूनच सुरू झालेले गीतरामायण सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

सोलापुरात मात्र हा प्रश्न आणखी अवघड होता, आणि तो बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. संध्याकाळ झाली की मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रे लागू लागतात. सोलापुरात काटा जरासा सरकवला की कन्नड ऐकू येई, आणखी सरकवला की तेलुगू. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत घरोघरी कन्नड बोलली जाते, शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात तेलुगू, आणि उर्दू बोलणाऱ्यांची वस्तीही शहरात मोठी. अशा गावात मराठीतून बोलणाऱ्या, बेताच्या शक्तीच्या प्रक्षेपकावर चालणाऱ्या केंद्राकडे काटा आणून थांबवणे हे काम भिंतीवर फलक रंगवून होणारे नव्हते. जाहिरातीसाठी वेगळा पैसाही आमच्या हाती नसे. होती ती माणसे, एक जुनी जीप आणि उहेर कंपनीचा खांद्याला अडकवायचा टेपरेकॉर्डर.

आमच्यापैकी सर्वांत ज्येष्ठ उद्घोषकांकडे एक लांबट वही असे. त्या वहीत त्यांनी जिल्ह्यातल्या गावांची नावे आणि आडनावे उच्चारांसह लिहून ठेवली होती. मैंदर्गी, नागणसूर, दर्गनहळ्ळी, लिंबीचिंचोळी ही गावे कागदावर वाचताना पुण्या-मुंबईहून बदलून आलेला माणूस हमखास अडखळतो, आणि तेलुगू आडनावांचे तर विचारूच नका. फर्माइशीच्या कार्यक्रमाची पत्रे हाती आली की ते आधी नावे वाचत, गाणी नंतर. शंका आली तर केंद्राच्या फाटकाशी चहाची टपरी होती तिथे जाऊन कोणा तेलुगू किंवा कन्नड भाषिकाला विचारून येत. ‘माणसाचं नाव चुकलं तर त्या घरातला रेडिओ बंद झाला असं समजा,’ हे त्यांचे सांगणे होते. आपले नाव, आपल्या गावाचे नाव नीट उच्चारले गेले, या एवढ्याशा गोष्टीने किती घरांत आमचे केंद्र कायमचे लागले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही; पण पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीतून, त्याच शाईने लिहिलेली चार पत्रे येत, ती मी पाहिली आहेत.

पत्रांवरून आठवले. पत्रव्यवहार सांभाळणारे आमचे एक सहकारी पदाने लिपिक होते, परंतु केंद्राचा खरा श्रोता-अभ्यास त्यांनीच केला, असे माझे मत आहे. आलेली पोस्टकार्डे ते तालुक्यांप्रमाणे अकरा गठ्ठ्यांत लावत. महिनाअखेरीस गठ्ठ्यांच्या उंचीकडे पाहिले की आपण कुठे पोहोचलो आणि कुठे नाही, हे एका नजरेत कळे. करमाळा आणि माळशिरसचे गठ्ठे कायम बारीक असत. कार्यक्रम आवडत नाहीत म्हणून की आवाजच पोहोचत नाही म्हणून, हा वाद बैठकीत निघाला तेव्हा आमच्या अभियांत्रिकी विभागातले एक जण साधा ट्रान्झिस्टर घेऊन एसटीत बसले आणि थांब्याथांब्याला उतरून आवाज कुठे पातळ होतो याची टिपणे घेऊन आले. त्यांना हे काम कोणी सांगितले नव्हते आणि त्या दिवसाचा प्रवासभत्ताही त्यांनी मागितला नाही. त्यांच्या टिपणांवरून आमच्या दौऱ्याची गावे ठरली. आज या कामाला मोठ्या संस्था नेमल्या जातात, तरी ट्रान्झिस्टर कानाशी धरून उभ्या असलेल्या त्या माणसाइतके खरे उत्तर कोणी आणत असेल, असे मला वाटत नाही.

आता गड्ड्याच्या यात्रेविषयी. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलुगू मुलखातून लोक येतात, होम मैदान पाळण्यांनी आणि दुकानांनी भरून जाते. एवढा जनसमुदाय एका जागी वर्षातून एकदाच मिळत असल्यामुळे आम्ही या दिवसांत रजा घेत नसू. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे आणि अक्षता सोहळ्याचे ध्वनिमुद्रण तर होईच. परंतु केंद्राची ओळख खरी वाढली ती मैदानावरच्या फिरतीने. दोघे जण निघत. एकाच्या खांद्याला यंत्र आणि कानाला हेडफोन, दुसऱ्याच्या हाती मायक्रोफोन. खेळणी विकणारा, भाकरी बांधून आणलेले कुटुंब, वाट चुकलेल्या मुलाला शोधून देणारा पोलीस, जो भेटेल त्याला बोलते करायचे आणि निघताना सांगायचे की अमुक दिवशी अमुक वाजता तुमचा आवाज लागेल. एकदा दुधनीकडच्या एक वृद्ध बाई मायक्रोफोन पाहून पदर तोंडावर घेऊन बसल्या होत्या. आमच्या सहकारी भगिनीने त्यांच्याशी कन्नडमध्ये घरची विचारपूस सुरू केली, मग स्वतःच एक ओवी अर्धी म्हणून मुद्दाम थांबल्या. बाईंना राहवले नाही. त्यांनी ती पुरी केली आणि पाठोपाठ आणखी म्हणत राहिल्या. टेप मागे फिरवून त्यांच्या कानाला हेडफोन लावला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तो घट्ट धरला आणि आपल्या सुनेला जवळ ओढून ‘ऐक, ऐक’ असे खुणेने सांगू लागल्या. तो कार्यक्रम लागला त्या दिवशी त्या गावात किती जणांनी रेडिओ उघडला असेल, हे सांगायला कोणत्याही पाहणीची गरज नाही.

ती सहकारी भगिनी म्हणजे आमच्या केंद्रावरची नैमित्तिक उद्घोषिका. नैमित्तिक म्हणजे महिन्याला जेमतेम सहा पाळ्या, पाळीमागे ठरलेले मानधन, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. तरीही पूर्व भागातल्या विडी कामगार स्त्रियांपर्यंत केंद्र नेले ते त्यांनीच. यंत्रमागाच्या खडखडाटात रेडिओ ऐकू येत नाही; पण घरात बसून पानाला कात्री लावणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात, हे त्यांनी हेरले. दुपारच्या कार्यक्रमाची वेळ विड्या कारखान्यात देऊन परत येण्याच्या वेळेशी आदळते, म्हणून तो थोडा मागे घ्यावा, ही सूचना त्यांची. स्त्रियांच्या आजारांविषयी डॉक्टरीणबाईंना बोलवायचे तर प्रश्न आधी वस्तीतून गोळा करून आणायचे, ही पद्धतही त्यांची. आपल्या कार्यक्रमाची माहिती त्या पाणी भरण्याच्या नळावर उभ्या राहून देत. केंद्रावर नियमित उद्घोषकांच्या जागा हळूहळू रिकाम्या होत गेल्या, त्यानंतर सकाळ-संध्याकाळची प्रसारणे अशाच नैमित्तिक सहकाऱ्यांच्या जिवावर चालली आहेत. मला निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ मिळाले. त्यांच्या शेवटच्या पाळीनंतर ड्यूटी रूममधल्या वहीत नेहमीप्रमाणे सही झाली आणि त्या घरी गेल्या. ही गोष्ट मला आजही फार लागते.

शेतीच्या कार्यक्रमांविषयी लिहिले नाही तर जिल्ह्यावर अन्याय होईल. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या केंद्रातून आलेली, म्हणजे आमच्या दाराशीच ज्ञान होते. ते शेतकऱ्याच्या बोलीत उतरवणे एवढेच बाकी होते. आमचे शेती विभागाचे सहकारी शास्त्रज्ञांना स्टुडिओत बसवण्याआधी बांधावर नेत. पाहुण्यांनी ‘मृद व जलसंधारण’ असा शब्द उच्चारला की ते नम्रपणे विचारत, ‘साहेब, पाऊस पडला तर पाणी कुठं थांबेल, तेवढं सांगा.’ मग साहेब हाताने दाखवून सांगत आणि तेच बोलणे ध्वनिमुद्रित होई. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले आणि सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेतले आवाज जेव्हा रेडिओवर आले, तेव्हा शेजारच्या गावांतून ‘आमच्याकडे कधी येता’ अशी पत्रे येऊ लागली. आमच्या दृष्टीने केंद्राच्या प्रसिद्धीची तीच खरी पावती होती.

कार्यक्रमांच्या पूर्वसूचना, ज्यांना आज प्रोमो म्हणतात, त्याही आम्ही जीव ओतून करत असू. त्या काळी हे सारे टेपवर होते. टेप एका सेकंदाला साडेसात इंच धावे, म्हणजे बोलताना घेतलेला एक लहानसा श्वास हातात दीड-दोन इंच भरे. नको असलेला शब्द काढायचा तर टेप हाताने हेडवरून मागे-पुढे घासून तो शब्द नेमका कुठे सुरू होतो हे ऐकायचे, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेत टेप बसवून दाढीच्या पात्याने तिरका छेद द्यायचा आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. छेद सरळ दिला तर जोडावर टक् असा आवाज येतो, म्हणून तो तिरका. आमच्या एका ध्वनिमुद्रकांचा हात यात असा बसला होता की त्यांचा जोड कानाला कधी कळला नाही. कापलेले तुकडे ते गळ्यात माळेसारखे अडकवून ठेवत, न जाणो एखादा श्वास परत लावावा लागेल म्हणून.

त्यांनी केलेली एक पूर्वसूचना मी विसरू शकत नाही. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली, हा इतिहास प्रत्येक सोलापूरकराला माहीत आहे. त्यावरच्या रेडिओ-रूपकाची पूर्वसूचना लिहायला घेतली तेव्हा संहितेत ‘रोमहर्षक’, ‘चित्तथरारक’ असे शब्द आले होते. आमच्या ध्वनिमुद्रकांनी ते सगळे काढून टाकायला सांगितले. त्यांनी चार वेगवेगळ्या आवाजांत फक्त चार नावे म्हणवून घेतली, प्रत्येक नावानंतर टेपचा एक कोरा तुकडा जोडला आणि शेवटी दिवस व वेळ एवढेच ठेवले. पार्श्वसंगीत नाही, काही नाही. ती पूर्वसूचना लागल्यावर ड्यूटी रूमचा फोन वाजू लागला आणि लोक वेळ पुन्हा विचारून घेऊ लागले. केंद्राची जाहिरात कशी असावी, याविषयी मला जे कळले ते त्या चार नावांमधल्या शांततेतून कळले.

हुतात्मा स्मृती मंदिरात निमंत्रित श्रोत्यांसमोर झालेल्या मैफली, कवी संमेलने, शाळांमधल्या प्रश्नमंजूषा यांचा तपशील पत्रात मावणार नाही. आपल्या लेखातले एक निरीक्षण मात्र मला पूर्ण मान्य आहे. खासगी वाहिन्यांतले तरुण श्रोत्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतात. आमच्या बोलण्यात क्वचित शिक्षकी सूर डोकावत असे. त्यांच्याकडून हे घेण्यासारखे आहे. पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही आणि ज्या कार्यक्रमातून उत्पन्न नाही त्याला वेळ देणे त्यांना परवडतही नाही. विडी कामगार स्त्रीच्या खोकल्यावर अर्धा तास खर्च करणारे केंद्र शहरात असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

संपादक महोदय, अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले तेव्हा सर्व वृत्तपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिले आणि ते योग्यच झाले. आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमातले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, यांची नावे जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहेत. जिल्ह्याच्या केंद्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र चार ओळीही मिळत नाहीत, कारण त्याचे काम हवेत विरून गेलेले असते. हे विरणे नुसते बोलण्यापुरते नाही. टेपा महाग होत्या, नव्या वेळेवर येत नसत, म्हणून प्रसारण झालेले ध्वनिमुद्रण पुसून त्याच टेपवर नवे करण्याची पद्धत होती. मी काम केलेल्या एका केंद्रावर जात्यावरच्या ओव्यांची एक अख्खी फीत अशी पुसली गेलेली मी पाहिली आहे. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला टेप हवी होती. पण त्या ओव्या म्हणणाऱ्या बाई आता नाहीत, आणि ओव्याही नाहीत.

येत्या २३ जुलै २०२७ रोजी मुंबईच्या त्या पहिल्या प्रसारणाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी दिल्ली-मुंबईत समारंभ होतीलच. सोलापूरपुरते आपण एक काम हाती घ्यावे, असे मी सुचवतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अनेक घरांमध्ये टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र, आले आणि लोकांनी रेडिओवरचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेतले: कोणाच्या आजोबांची मुलाखत, कोणाच्या मुलीचे बालकार्यक्रमातले गाणे, कोणाच्या भजनी मंडळाचा अर्धा तास. केंद्रावर ज्याची प्रत उरली नाही ते या घरांच्या माळ्यावर असण्याचा पुष्कळ संभव आहे. आपल्या दैनिकाने वाचकांना आवाहन करावे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या जनसंज्ञापन विभागातल्या विद्यार्थ्यांनी त्या कॅसेटींचे संगणकीय रूपांतर करावे, आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेने त्यांची एक प्रत सर्वांना ऐकता येईल अशी ठेवावी. त्याबरोबरच केंद्रावर काम केलेल्या प्रत्येकाची, विशेषतः नैमित्तिक उद्घोषक, वादक, संहितालेखक आणि चालक यांची, नावे लिहून काढावीत. जीप चिखलातून काढणाऱ्या चालकाशिवाय आमचा एकही दौरा झाला नसता.

वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते की जुनी कॅसेट सापडल्यास ती लगेच यंत्रात घालून वाजवू नये. बुरशी आलेली किंवा चिकटलेली टेप पहिल्याच वाजवणीत तुटू शकते. ऊन आणि ओल यांपासून दूर, उभी ठेवावी आणि तिच्यावर जे काही लिहिलेले असेल, अर्धवट का असेना, ते पुसू नये. अनेक ध्वनिमुद्रणांत बोलणाऱ्याचे नाव येत नाही. त्या काळातले बहुतेक आवाज मी आजही ओळखतो, माझे दोन-तीन समकालीन सहकारीही या कामासाठी वेळ देण्यास तयार आहेत. विद्यापीठाने किंवा वाचनालयाने बोलावले तर आम्ही तिथे येऊन बसू आणि कोणता आवाज कोणाचा, हे लिहून देऊ. आमचे पत्ते आपल्या कार्यालयात दिलेले आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उद्घोषक, आकाशवाणी
सोलापूर